ग्रॅमचे कप करत बसू नका, वजनकाटा आणा

राजारामपुरीकर:
परवा वहिनीनं केक केला. रेसिपीत मैदा 250 ग्रॅम, तिच्या मापाच्या कपावर 250 एमएल छापलेलं, मग काय, एक कप मैदा घातला आणि बॅटर इतकं पातळ झालं की केक कापायचा सोडून चमच्यानं खरवडून खाल्ला आम्ही. 250 ग्रॅम मैदा म्हणजे जवळजवळ दोन कप भरतोय! ग्रॅम आणि एमएल सारखे हे फक्त पाण्याचं. 240 एमएलच्या कपात मैदा साधारण 120-125 ग्रॅम, साखर 200, लोणी 225 च्या आसपास, मध तर 340. त्यात अमेरिकेतला कप 240 चा, ऑस्ट्रेलियातला 250 चा, तिकडचा टेबलस्पून पण 20 एमएलचा. बंद करा हे कन्व्हर्ट करणं, चारपाचशे रुपयांचा काटा आणा.

फुलेवाडीची सून:
काट्याशिवाय इतकी वर्षं चुली पेटल्या नाहीत काय? आमच्या सासूबाई दिवाळीला नानकटाईचं सामान भट्टीवर नेतात, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, वर मूठभर रवा, आणि वाटी तीच, कडेला पोचा आलेली, दुसरी दिली तर चालत नाही. एकदा पण बिघडलेलं बघितलं नाही मी. चिपटं, मापटं, शेर, पायली ही पण मापंच होती की, धान्य भरूनच द्यायचे.

राजारामपुरीकर:
ताई, तुमच्या सासूबाई कन्व्हर्ट कुठं करतात? सगळं एकाच वाटीनं, म्हणजे प्रमाण आपोआप जमतंय, वाटी केवढी का असेना. घोळ होतो तो ग्रॅमची रेसिपी वाटीत ओढताना. आणि केकात अंडी आली की ती वाटीप्रमाणं लहानमोठी होत नाहीत.

पांढरा रस्सा वाढा:
भांडू नका, मी काल रात्री करूनच बघितलं (बायको बघत होती, काही बोलली नाही). एकच कप, एकच मैदा. चमच्यानं हलका भरून सुरीनं सपाट केला, 122 ग्रॅम. कप थेट डब्यात खुपसला, 146. ओट्यावर आपटून आपटून भरला तर 160 च्या वर. तीन कपांच्या रेसिपीला नुसतं खुपसून घेतलं तर 72 ग्रॅम जादा, म्हणजे अर्ध्या कपापेक्षा जास्त मैदा फुकट आत, मग केक दगड झाला की ओव्हनला शिव्या.

फुलेवाडीची सून:
मग दरवेळी चमच्यानंच भरा की. आणि काट्याचं कौतुक पुरे, पाव चमचा सोडा म्हणजे एक-सव्वा ग्रॅम, नणंदेचा काटा तेवढ्याला शून्यच दाखवतोय.

राजारामपुरीकर:
हे मान्य. सोडा, बेकिंग पावडर, मीठ चमच्यानंच. पण कपभर गूळ कसा मोजणार सांगा, किसलेला का फोडलेला, दाबून का सैल? कोल्हापुरात राहून गुळाचा केक अंदाजानं करायचा म्हणजे नाद खुळाच.

फुलेवाडीची सून:
गुळाला काटा घेते, बास? नणंदेच्या काट्यावर सासूबाईंची वाटी ठेवली, शून्य केलं आणि काठोकाठ पाणी भरलं तर 170 ग्रॅम, म्हणजे वाटी 170 एमएलची. आता त्या विचारतायत, माझी वाटी लहान का तुमचा कप मोठा? काय सांगू?