मदत हवी आहे : बंद हॉलमध्ये अल्टिमेट खेळताना भिंतीचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. पावसाने मैदानाचा चिखल झालाय, म्हणून कोथरूडच्या एका हॉलमध्ये पाच-पाच जणांत अल्टिमेट फ्रिस्बी (डिस्क म्हणजे तबकडी फेकत-झेलत खेळायचा सांघिक खेळ) सुरू केली. रविवारी एंड झोनमध्ये (कोर्टाच्या टोकाचा पट्टा, जिथे डिस्क झेलली की गुण मिळतो) डिस्कसाठी झेपावलेली आमची एक मुलगी थेट भिंतीवर आदळली. मनगट सुजलंय. तेव्हापासून मला चैन नाही. तुम्ही भिंतीपासून किती जागा सोडता? डाइव्हवर सरसकट बंदीच घालावी का?

दुसरं म्हणजे, या खेळात पंच नसतो, फाउल खेळाडूंनीच सांगायचा आणि आपसांत मिटवायचा. अरुंद कोर्टात धक्के जास्त लागतात आणि नवी मुलं फाउल सांगायला बिचकतात. मार्करही (डिस्क हातात असलेल्या खेळाडूला अडवणारा) त्याच्यापासून डिस्कच्या व्यासाएवढं अंतर ठेवत नाही. मुलांना बोलतं कसं करता? आणि समोरच्यांनी झोन डिफेन्स (एकेका खेळाडूमागे न धावता जागा वाटून केलेला बचाव) लावला की आमचा खेळ अडकतो, तो कसा फोडायचा?