कोजागिरीचं केशर (ग्रुपवरची चर्चा)

देशमुख काका (खजिनदार): कोजागिरीच्या दुधाचं सामान आणलं. केशर एकदम स्वस्तात मिळालं, १५० रुपयात ५ ग्रॅम 😊

सुनीता ए-३०२: काका रागवू नका हं पण मी त्यातल्या चार काड्या वाटीभर गार पाण्यात टाकून बघितल्या, एका मिनिटात पाणी लालभडक आणि काड्या पांढऱ्या पडल्या

कुलकर्णी काकू: मग ते केशर नाहीच. खरं केशर हळूहळू रंग सोडतं आणि पिवळा सोनेरी सोडतं, लाल नाही. काडी मात्र लालच राहते. जिभेवर ठेवून बघ, वास गोड पण चव कडवट लागायला हवी

सुनीता ए-३०२: चव कसलीच नाही काकू, गवत चावल्यासारखं

मंदार सी-१०४: मक्याच्या कणसाचे केस रंगवून विकतात, नाहीतर करडईच्या पाकळ्या. आपल्या सोलापूरकडे करडई ढीगभर पिकते, त्यामुळे त्या स्वस्तच

देशमुख काका (खजिनदार): अरे पण डबीवर काश्मिरी लिहिलंय

मंदार सी-१०४: काका १ ग्रॅमला साधारण दीडशे फुलं लागतात, एका फुलात तीनच काड्या आणि त्या हाताने खुडायच्या. ३० रुपये ग्रॅमने कोण देईल? मी मागच्या नोव्हेंबरात काश्मीरमध्ये पंपोरला गेलो होतो, केशराचं गाव ते, पहाटेपासून अख्खी घरं शेतात वाकलेली आणि मग घरी बसून काड्या वेगळ्या करायच्या. फुलं ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर, म्हणजे कोजागिरीला आपण वापरतो ते बहुतेक गेल्या वर्षीचंच

पूजा बी-२०४: मी ऑनलाइन बघतेय, मोगरा केशर म्हणजे मोगऱ्याच्या वासाचं का? 🙈

कुलकर्णी काकू: नाही गं 😂 मोगरा म्हणजे फक्त लाल टोकं. लच्छामध्ये खालचा पिवळा दांडाही असतो. काश्मीरच्या केशराला २०२० मध्ये जीआय टॅग (माल त्याच भागातला असल्याची सरकारी खूण) मिळालाय, तो बघून घे

पूजा बी-२०४: आणि २० लिटर दुधाला किती लागेल? मी घरी साखरभाताला तुपात टाकते, रंगच येत नाही कधी

मंदार सी-१०४: कसा येणार, केशराचा रंग पाण्यात विरघळतो, तुपात नाही

कुलकर्णी काकू: १ ग्रॅम पुरे २० लिटरला, लोक उगीच मूठभर टाकतात आणि मग औषधासारखं लागतं. तवा गरम करून गॅस बंद कर, त्यावर कागदात काड्या दोन मिनिटं ठेव, मग चमचाभर साखरेबरोबर खलात घोटून कोमट दुधात तासभर भिजव. आणि ते दूध पातेलं उतरवल्यावर घाल, उकळत ठेवलं की वास उडून जातो. जायफळही जपून, त्याच्यापुढे केशराचं काही चालत नाही

सुनीता ए-३०२: काकू माझी जाऊ आठव्या महिन्यात आहे, सासूबाई रोज केशरदूध देतायत बाळ गोरं व्हावं म्हणून 🙄

कुलकर्णी काकू: बाळाचा रंग आईबापाकडून येतो, केशराकडून नाही. दुधात दोन काड्या चवीला ठीक, जास्त डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको

देशमुख काका (खजिनदार): ठीक आहे, डबी परत करतो. नवं कोण आणणार?

मंदार सी-१०४: पंपोरचं माझ्याकडे २ ग्रॅम आहे, घट्ट झाकणात अंधारात ठेवलंय. १ ग्रॅम सोसायटीला माझ्यातर्फे

पूजा बी-२०४: 👏👏 खल कोणाकडे आहे?

कुलकर्णी काकू: माझ्याकडे, पण कोणीतरी येऊन न्या, बी विंगची लिफ्ट परत बंद आहे