शौर्य चक्र मिळालंय असं खोटं सांगणाऱ्याला शिक्षा काय? मदत हवी आहे

बांधावरचा:

नमस्कार मंडळी, सातारा जिल्ह्यातला एक तालुका एवढंच सांगतो, गावाचं नाव नको. आमच्याकडे एक भरतीपूर्व प्रशिक्षण अकॅडमी आहे, संचालक स्वतःला कॅप्टन आणि शौर्य चक्र विजेते म्हणवतात, फ्लेक्सवर आणि माहितीपत्रकावर तसंच छापलंय आणि २६ जानेवारीला ब्लेझरवर मेडलांची रांग लावून शाळेत प्रमुख पाहुणे पण तेच. माझ्या भाच्याची तिथे ४५ हजार फी भरलीय, ताईने पतसंस्थेचं कर्ज काढून, कारण काय तर "एवढा मोठा माणूस आहे, पोरगं लागेल". आता फौजेतून आलेले एक आजोबा ठामपणे सांगतायत की हा सुभेदार म्हणून घरी आला, कॅप्टन कधी झाला, आणि चक्र बिक्र काही नाही.

प्रश्न असे की खोटं मेडल सांगणं हा गुन्हा आहे का, शिक्षा किती, आणि खरंखोटं आधी तपासायचं कुठे? उगाच आरोप केला आणि माणूस खरा निघाला तर आम्हीच तोंडावर पडू, वर अब्रुनुकसानीचा दावा. ताई तर म्हणतेय जाऊ दे, पण जाऊ द्यायची रक्कम नाही ही.

निवृत्त_नायक:

आधी कॅप्टनचं सांगतो. सुभेदार, सुभेदार मेजर यांना चांगल्या सर्व्हिसबद्दल १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीला मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन ही रँक मिळते, कितीतरी जण असेच कॅप्टन होऊन घरी येतात. त्यामुळे आजोबा आणि संचालक दोघेही खरे असू शकतात. आणि मेडलांची रांग बघून शंका घेऊ नका, त्यातली बरीचशी नुसत्या सेवेची असतात, अमुक वर्षं झाली, अमुक भागात पोस्टिंग होतं. १५ ऑगस्ट १९९७ ला जो जो सर्व्हिसमध्ये होता त्याला स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं मेडल मिळालंय.

शौर्य चक्राची गोष्ट वेगळी. ते गॅझेटमध्ये छापून येतं, लपून राहत नाही. संरक्षण मंत्रालयाची गॅलंट्री अवॉर्ड्स नावाची वेबसाइट आहे, तिथे पुरस्कारानुसार नावं बघता येतात. कशाबद्दल मिळालं म्हणतात ते? कारण परमवीर, महावीर, वीर चक्र ही शत्रूसमोरच्या लढाईतली, आणि अशोक, कीर्ती, शौर्य चक्र ही त्याबाहेरच्या शौर्याची. लोक यात भयंकर गोंधळ घालतात (बॅनर छापणारे तर विचारूच नका).

काळा_डगला:

कायद्याचं बोलू. "मला शौर्य चक्र मिळालंय" अशी नुसती तोंडी फेक केली तर फक्त तेवढ्यासाठी आपल्याकडे वेगळं कलम नाही. जवळचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १६८, सैनिक नसताना सैनिकासारखा पोशाख घालणं किंवा खूण बाळगणं, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आधी हेच आयपीसी १४० होतं, तेव्हा दंड ५०० होता. १ जुलै २०२४ च्या आधीचा प्रकार असेल तर जुनंच कलम लागणार.

पण तुमच्या केसमध्ये मला १६८ कच्चं वाटतं. हा माणूस "मी सैनिक आहे" म्हणत नाही, "होतो" म्हणतोय, आणि बहुतेक खरंच होता. आरोपीचा वकील पहिल्या तारखेला हेच धरणार.

तुमचं खरं हत्यार फी आहे. खोट्या पदकाच्या जोरावर पैसे द्यायला लावले असतील तर ती फसवणूक, कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत. आपण जे नाही ते आहोत असं भासवून फसवलं तर ३१९, पाच वर्षांपर्यंत. बनावट प्रमाणपत्र दाखवलं असेल तर त्याची कलमं आणखी वेगळी. पण ताईंना सांगावं लागेल की पदक बघूनच पैसे भरले, शिकवणं चांगलं म्हणून नाही.

हडसनकाठचा:

जरा अवांतर, इकडे अमेरिकेत हाच घोळ सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. पदकाबद्दल नुसतं खोटं बोलणं हाच गुन्हा असा २००५ चा कायदा होता. कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळाच्या सभासदाने मीटिंगमध्ये ठोकून दिलं की मला मेडल ऑफ ऑनर मिळालंय, केस झाली आणि २०१२ मध्ये कोर्टाने कायदाच उडवला, खोटं बोलणं पण अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतं म्हणून. मग २०१३ मध्ये नवा कायदा आला, त्यात पैसा किंवा ठोस फायदा उकळायचा हेतू लागतो, शिक्षा एक वर्षापर्यंत. म्हणजे फिरून मुद्दा पैशावरच.

बांधावरचा:

सगळ्यांचे आभार. निवृत्त_नायक दादा, मानद कॅप्टनचं बरोबर निघालं, आजोबांनीच विचारून खात्री केली, त्यामुळे तो विषय सोडला. पण वेबसाइटवर शौर्य चक्राच्या यादीत नाव सापडत नाही, स्पेलिंग उलटसुलट करून बघितलं. फ्लेक्सचे फोटो, माहितीपत्रक आणि फीची पावती आहे. आता थेट पोलिसात जाऊ का? आणि अब्रुनुकसानीचं काय?

काळा_डगला:

आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी विचारा, या नावाच्या माजी सैनिकाला शौर्य पुरस्कार असल्याची नोंद आहे का म्हणून. त्यांचं उत्तर हातात आलं की पोलिसांकडे, सोबत पावती आणि माहितीपत्रकाची प्रत. सद्भावनेने योग्य अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार बदनामीत धरत नाहीत, तसा अपवाद कलम ३५६ मध्येच आहे. फेसबुकवर आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र एक अक्षर टाकू नका, तो अपवाद तिथे कामाला येणार नाही. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर एसपींना लेखी पाठवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. फक्त फी परत हवी असेल तर ग्राहक आयोग, पण तिथे दोन वर्षांची मुदत असते, पावतीवरची तारीख आजच बघून घ्या.