लसूणघास वाळवताना पान झडतं, देठ कच्चा राहतो. काय करावं?

मोहोळचा गोठा: नमस्कार मंडळी. कालव्याच्या पाण्यावर अर्धा एकर लसूणघास आहे. मे महिन्यात हिरवा चारा आटतो म्हणून आत्ताच वाळवून ठेवायचाय. पण दुपारपर्यंत पान चुरायला लागतं आणि देठ मोडला तर आत ओलाच. कोणी देठ चेचणारं यंत्र वापरलंय का?

बार्शीकर शेतकरी: दादा, सोलापूरच्या उन्हाला काय कमी आहे? अडचण अशी की पान पातळ, ते लगेच वाळतं. देठावर मेणचट थर असतो, त्यातलं पाणी सहज निघत नाही. दोन्ही एका वेगानं वाळायला पाहिजेत, सगळी मेहनत तिथंच आहे. पान जपा, कारण घासातली प्रथिनं जास्त करून पानात असतात. नुसती काटकं राहिली तर गाय तोंड फिरवते.

फुलं दिसायला लागली की कापा, सगळं फुलोऱ्यात जाईपर्यंत थांबू नका. सकाळी दव उडाल्यावर कापणी करा आणि कापल्याबरोबर रुंद, पातळ पसरा. ढीग किंवा जाड ओळ लावू नका. पान मऊ आहे तोवरच उलथून घ्या. पुढची उलथापालथ दुसऱ्या दिवशी पहाटेच्या दवात, तेव्हा पान झडत नाही.

ट्रॅक्टर मिस्त्री, पंढरपूर: त्या यंत्राला मोअर कंडिशनर म्हणतात. कापताकापताच दोन रुळांमधून चारा जातो, देठ जागोजागी चेचला जातो आणि पाणी निघायला वाट मिळते. त्यात दोन जाती आहेत. लसूणघासाला रबरी रुळांचंच घ्या. दात्यांचं यंत्र गवताला चांगलं, पण ते घासाचं पान ओरबाडून टाकतं. रुळांमधलं अंतर असं लावायचं की देठ चेचला जाईल पण पानाचा लगदा होणार नाही. मात्र अर्ध्या एकरासाठी हे विकत घेणं परवडणार नाही, स्पष्टच सांगतो. गावात चार-पाच जण मिळून घेणार असाल तरच विचार करा.

मोहोळचा गोठा: मग खळ्यावर पसरून ट्रॅक्टर फिरवला तर?

बार्शीकर शेतकरी: नको. पान मातीत जाईल आणि माती गाईच्या पोटात.

मंगळवेढ्याची ताई: आमच्याकडे यंत्र नाही. घास थोडा सुकला की कडबा कुट्टीत दोन-अडीच इंचाचे तुकडे करते आणि ताडपत्रीवर पातळ पसरते. देठ दोन्ही टोकांनी उघडा पडतो, म्हणून लवकर वाळतो. पान झडलं तरी ताडपत्रीवरच राहतं, झाडून गोळा करता येतं. पहिलं ऊन खाल्लं की पत्र्याच्या शेडखाली वाऱ्याला ठेवते, त्यानं हिरवा रंग टिकतो. १० किलो हिरव्याचा साधारण सव्वादोन-अडीच किलो वाळलेला होतो, त्या हिशोबानं जागा धरा.

मोहोळचा गोठा: कुट्टी मशीन आहे घरी! पण वाळलं हे ओळखायचं कसं?

मंगळवेढ्याची ताई: जाड देठ घेऊन नखानं खरवडा. साल सुटून आली तर अजून ओल आहे. नाहीतर काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर चारा आणि चमचाभर कोरडं मीठ टाकून हलवा. मिठाचे गोळे झाले तर भरू नका.

ट्रॅक्टर मिस्त्री, पंढरपूर: ओल १५ टक्क्यांच्या आसपास आली की पोती भरा, खाली लाकडी फळ्या टाका. पहिले काही दिवस पोत्यात हात घालून बघत राहा. आत गरम लागलं तर लगेच उपसून पसरा, ओला चारा आतल्या आत तापून पेटतोसुद्धा.