वडिलांच्या स्मृतिभ्रंशासाठी औषधांव्यतिरिक्त बौद्धिक उपक्रम सुचवा

घोडबंदरवासी:
माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. औषधे चालू आहेत. डॉक्टरांनी "मेंदूला काम द्या" असे सांगितले, परंतु कोणते काम द्यायचे हे सांगण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता. मी सुडोकू, चित्रकोडी आणि टॅबलेटवरचे स्मरणशक्तीचे खेळ असे सर्व काही आणून दिले, पण बाबा थोड्याच वेळात चिडतात आणि टॅबलेट पालथा घालून ठेवतात. कोणते ॲप किंवा पुस्तक खरोखर उपयोगी पडते, एवढेच मला हवे आहे. ब्राह्मी, बदाम आणि प्राणायाम कृपया सुचवू नयेत. शनिवारच्या आत उत्तर मिळाल्यास बरे होईल.

नेरूळच्या_बाई:
निदान कोणत्या प्रकारचे आहे, आजार कितपत पुढे गेला आहे, बाबांना नीट ऐकू येते का, त्यांनी आयुष्यभर कोणते काम केले आणि हे खेळ आपण दिवसाच्या कोणत्या वेळी त्यांच्यापुढे ठेवता, यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय कोणी काही सुचवले तर तो अंदाजच ठरेल.

कोपरीकर:
एवढ्या चौकशीची गरज नाही. माझ्या काकांना मी रोज शब्दकोडे सोडवायला लावत असे आणि सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारत असे. ठाण्याला पहिली आगगाडी कधी आली, असे विचारले की ते १६ एप्रिल १८५३ ही तारीख खाडकन सांगत. मेंदूला गंज चढू देऊ नये, हे साधे सूत्र आहे.

नेरूळच्या_बाई:
आपल्या काकांना उत्तर येत होते, म्हणून त्यांना तो खेळ वाटला. ज्याला उत्तर आठवत नाही त्याच्यासाठी ती परीक्षा होते, आणि तीही घरच्या माणसांसमोर. त्याच विषयावर "पूर्वीच्या लोकलमधली गर्दी बरी होती की आताची?" असे विचारून पाहावे. मताला चूक-बरोबर नसते, त्यामुळे माणूस बोलत राहतो.

दक्ष_वाशीकर:
सर्वांत आधी दाराला आतून उंचावर कडी बसवावी आणि त्यांच्या खिशात पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड ठेवावे. आमच्या सेक्टरमधील एक आजोबा भाजी आणायला म्हणून निघाले आणि थेट पनवेलच्या बसमध्ये सापडले.

घोडबंदरवासी:
बाबा बाहेर जात नाहीत, मी ते विचारलेलेही नाही. अल्झायमर आहे, सौम्य ते मध्यम अवस्था असे कागदावर लिहिले आहे. कानाचे यंत्र आहे, पण ते शिट्टी वाजवते म्हणून कपाटात पडून असते. बाबा वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात फिटर होते. मी कार्यालयातून आल्यावर, म्हणजे रात्री आठनंतर, त्यांच्याबरोबर बसतो. दिवसा सांभाळायला मावशी असतात. आता तरी ॲप सुचवा.

नेरूळच्या_बाई:
ॲपच्या आधी यंत्र पाहावे. शिट्टी बहुधा कानातला साचा सैल बसल्याने किंवा कानात मळ साचल्याने येते, आणि ते काम श्रवणतज्ज्ञ करून देतात. ज्याला प्रश्नच नीट ऐकू येत नाही त्याला आपण विसराळू ठरवत राहतो. दुसरे म्हणजे, या आजारात अनेकांची अस्वस्थता दिवस मावळल्यावर वाढते, तेव्हा रात्री आठची वेळ सर्वांत वाईट. नाश्त्यानंतरची वेळ निवडावी. चिडचिड अलीकडे एकाएकी वाढली असेल, तर मात्र उपक्रम बाजूला ठेवून लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता यांसाठी डॉक्टरांना दाखवावे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ब्रिटनमध्ये कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी, म्हणजे गटात गप्पा, चर्चा आणि खेळ यांतून मेंदूला चालना देण्याची पद्धत विकसित झाली आहे. तिच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०१ व्यक्ती होत्या. लहान गटात, आठवड्यातून दोनदा, पाऊण तासाच्या १४ बैठका झाल्या आणि स्मरण-आकलन व जीवनमान या दोन्हींत फरक दिसला. कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या तेथील नाईस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सौम्य ते मध्यम अवस्थेसाठी अशा गटाची शिफारस करतात, आणि नेमके एकेका क्षमतेची उजळणी करून घेणारे प्रशिक्षण, म्हणजे आपल्या टॅबलेटवरच्या खेळांच्या जातीचे, सौम्य ते मध्यम अल्झायमरवर उपचार म्हणून देऊ नये असे सांगतात.

सत्यशोधक_ऐरोली:
अर्धेच सांगितले. तीच पद्धत घरच्या माणसाने एकट्या रुग्णाबरोबर करण्याचीही मोठी चाचणी झाली, आणि तीत स्मरणशक्तीत सुधारणा आढळली नाही. चेन्नईत तमिळ रूपांतर झाले आहे, पण घोडबंदरच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

नेरूळच्या_बाई:
खरे आहे, परंतु त्याच चाचणीत रुग्णाला घरच्यांशी असलेले नाते अधिक चांगले वाटू लागल्याचेही आढळले, ते आपण वगळले. सोसायटीतील दोन-चार ज्येष्ठ सकाळी एकत्र बसवता आले, तर गटाची उणीव काही अंशी भरून निघेल.

दिवसपाळी:
माझे वडील लेथवर होते, त्यामुळे लिहितो. त्यांनाही कोडी म्हणजे पोरखेळ वाटत असे. शेवटी मी जुन्या बाजारातून नट, बोल्ट आणि वॉशर आणून एका पत्र्याच्या डब्यात मिसळून ठेवले आणि "हे जरा वेगळे करून द्या, मला जोड्या लागत नाहीत" असे म्हटले. ते एकेक बोल्ट उचलत, अंगठ्याचे नख आट्यांवरून फिरवत, नट दोन फेरे चढवून पाहत आणि आटे गेलेला बोल्ट काही न बोलता बाजूला टाकत. त्या काळात आजचा वार कोणता हे त्यांना सांगता येत नव्हते. अल्झायमर मेंदूतील नव्या आठवणी साठवणाऱ्या भागावर आधी घाला घालतो, तर हाताच्या सवयी दुसऱ्या भागांवर अवलंबून असल्याने बराच काळ टिकतात, असे आमच्या डॉक्टरांनी तेव्हा समजावले होते. मात्र काम खरे वाटले पाहिजे. त्यांच्यादेखत डबा पुन्हा कालवू नये.

कोपरीकर:
मग शब्दकोडे सोडवणेही हाताची सवयच म्हणायची.

दिवसपाळी:
ज्याने आयुष्यभर शब्दकोडी सोडवली त्याच्यासाठी नक्कीच. फिटरसाठी पाना आणि कानस.

घोडबंदरवासी:
कानस मावशींच्या भरवशावर ठेवणार नाही, बाकीचे शनिवारी आणतो. नट-बोल्ट किती आकारांचे घ्यावेत?

दिवसपाळी:
सुरुवातीला तीनच आकार घ्यावेत आणि ते हाताला सहज वेगळे कळतील असे असावेत. वस्तू तोंडात घालण्याची सवय लागली असल्यास हे अजिबात देऊ नये. टेबलावर रंगीत नक्षीचे कापड नको, एकरंगी फिकट ठेवावे, म्हणजे वस्तू उठून दिसतात.

नेरूळच्या_बाई:
आणि शनिवारी बाजारात जाण्याआधी यंत्र दुरुस्तीला द्यावे.