जेवल्यावर शुगर ३०० ला टेकायली, इन्सुलिन तर चालू आहे

माजलगावची_सून

नमस्कार मंडळी, सासऱ्यांबद्दल विचारायचंय, आम्ही त्यांना दादाच म्हणतो. वय ६८, शुगर लई जुनी, आता बऱ्याच महिन्यांपासून इन्सुलिन सुरू आहे, ते ३०/७० वालं गढूळ असतंय ना ते, बाटली आणि सिरिंज. सकाळी २२ आणि रात्री १४. सोबत मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी आणि अजून एक गोळी पहिल्या घासासोबत घ्यायची. आता झालंय असं की उपाशीपोटी शुगर चांगली यायली, ११० ते १३० च्या मधी, आणि जेवल्यावर बघितलं की २८०, २९५, परवा तर ३१२. डॉक्टरची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, मिस्टर पुण्याला असतात, टोचायचं काम माझ्याकडंच. शेजारचे काका म्हणायलेत सरळ चार युनिट वाढव, काय होत नाही. दादा गोड खात नाहीत, चहा बिनसाखरेचा, भात कधीच सोडलाय, निव्वळ ज्वारीची भाकरी. मग एवढी शुगर येती कुठून? वाढवू का चार युनिट?

केजचे_मास्तर

ताई आधी काकांना चहा पाजा आन वाटंला लावा. चार युनिट वाढवायचे नाहीत, आणि का नाही ते नीट समजून घ्या म्हणजे उद्या अजून कुणी सांगितलं तरी ऐकणार नाहीत. ३०/७० म्हणजे त्या बाटलीत दोन इन्सुलिन एकत्र असतात, ३० टक्के जेवणासाठीचं आणि ७० टक्के हळूहळू चालणारं. तुम्ही रात्री चार वाढवले तर त्यातलं सव्वा युनिटसुद्धा जेवणाला मिळत नाही, बाकीचं पावणेतीन रात्रभर काम करत बसतं. दादांची उपाशीपोटी आधीच ११० आहे, म्हणजे पहाटे तीनला घाम फुटून उठायची वेळ यायची, आणि म्हाताऱ्या माणसाला झोपेत शुगर उतरलेली कळतसुद्धा नाही. सकाळचं वाढवलं तरी तेच, दुपारी जेवण लांबलं की चक्कर.

मी स्वतः इन्सुलिनवर आहे, नोकरीत असल्यापासून. तुम्ही दोन गोष्टी सांगितल्याच नाहीत. सुई जेवणाच्या किती आधी टोचता? आणि जेवल्यावर शुगर कधी बघता? दोन तास मोजायचे ते पहिला घास तोंडात गेल्यापासून, हात धुवून उठल्यापासून नाही. आमच्याकडं लोक पाऊण तासातच बोट टोचतात आणि आकडा बघून घाबरतात, तेव्हा शुगर चढतीलाच असती. दोन तासांनी १८० च्या आत असावी असं साधारण धरतात, दादांच्या वयाला डॉक्टर थोडी ढील देतात कारण उतरलेली शुगर चढलेलीपेक्षा जास्त धोक्याची.

मेडिकलवाला_जालना

मास्तर बरोबर बोलले. मी दुकानात बसतो म्हणून वेगळीच शंका येती. ताई, सिरिंजच्या टोपणाचा रंग बघा. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडं बहुतेक ४० चं असतं, एका मिलीत ४० युनिट, त्याला लाल टोपणाची सिरिंज. टोचायच्या इन्सुलिन पेनमधलं १०० चं, आणि १०० ची सिरिंज नारंगी टोपणाची. गिऱ्हाईक घाईत येतं, पोरगा जी हाताला लागंल ती देतो. ४० ची बाटली नारंगी सिरिंजमध्ये २२ च्या रेघेपर्यंत भरली तर प्रत्यक्षात नऊ युनिटसुद्धा जात नाही. उलटं झालं, १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये, तर २२ च्या जागी ५५ जातं, मग ॲम्ब्युलन्सच. बाटलीवर लिहिलेलं असतं, दोन्ही जुळवून बघा.

दुसरं म्हणजे हे गढूळ इन्सुलिन हलवता कसं? गदगदा हलवायचं नाही, फेस होतो आणि डोस चुकतो. दोन तळहातात धरून दहा वेळा लाटल्यासारखं फिरवायचं, दहा वेळा वरखाली करायचं, दुधासारखं एकसारखं दिसलं पाहिजे. तळाला साका बसलेला असताना भरलं तर आज एक डोस उद्या वेगळाच. आणि बाटली ठेवता कुठं हे पण सांगा.

माजलगावची_सून

सगळ्यांना थँक्स. टोपण लाल आहे आणि बाटलीवर ४० च लिहिलंय, आत्ता बघून आले. हलवते पण तुम्ही सांगितलं तसं इतकं नाही, दोनतीनदा.

सुई मी जेवायला बसल्यावर टोचते. म्हणजे ताट वाढलं की. मागं एकदा टोचलं आणि पाहुणे आले, जेवण लांबलं, दादांना थरथर सुटली होती, तेव्हापासून ते म्हणतात ताट दिसल्याशिवाय टोचू नको. तपासणी कधी दीड तासानं कधी एक तासानं, लाईट असंल तसं. बाटली फ्रिजच्या दारात असते, पण आमच्याकडं लाईट जाती ती चार चार तास येतच नाही आणि आता उन्हाळा लागलाय.

अजून एक, टोचायची जागा दादांनीच ठरवलीय, बेंबीच्या डाव्या अंगाला, तिथं दुखत नाही म्हणतात. तिथं लिंबाएवढा मऊ गोळा झालाय. ते काय असतं?

सिस्टर_लातूर

ताई तो गोळाच आहे बघा अर्धं दुखणं. एकाच जागी सारखं टोचलं की कातडीखालची चरबी वाढती, तिथं दुखत नाही म्हणून पेशंट हौसेनं तीच जागा देतात. वॉर्डात मी कितीतरी पोटं बघितलीत अशी, दोन्ही बाजूला दोन उंचवटे. त्या गोळ्यातनं इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही, कधी उशिरा कधी कमी कधी एकदम. त्यामुळं जेवणाचं जेवणाला पोचत नाही आणि नंतर भलत्याच वेळी काम करतं. तिथं टोचायचं बंद. पोटावर बेंबीपासून दोन बोटं सोडून, उजवीकडं, मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला, दर वेळी आधीच्या जागेपासून एक बोट तरी सरकून.

पण थांबा, महत्त्वाचं पुढंच आहे. चांगल्या जागेवर टोचायला लागलात की तेच २२ युनिट पूर्ण लागू पडतील आणि शुगर एकदम खाली येऊ शकती. त्यामुळं जागा बदलायच्या आधी डॉक्टरला फोन करा, बरेचदा डोस थोडा कमी करूनच जागा बदलतात. आणि ते चारपाच दिवस जास्त वेळा तपासा.

वेळेचं म्हणाल तर तुमचं ते ३०/७० साधं असंल, तर त्याला कामाला लागायलाच अर्धा तास लागतो, जोर दोन ते चार तासांनी. तुम्ही ताटावर टोचायल्या म्हणजे भाकरीची शुगर पुढं आणि इन्सुलिन मागं. अर्धा तास आधी टोचायचं. (महागातलं नवीन मिक्स असतं ते जेवणाच्या अगदी तोंडावर चालतं, बाटलीचं नाव डॉक्टरला वाचून दाखवा, दोन्हीचे नियम वेगळे.) दादांची भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. कालवण झालेलं असू द्या, पीठ मळायला घेतलं की टोचायचं, भाकऱ्या होऊन ताट वाढेपर्यंत अर्धा तास होतोच. टोचायच्या आधी शुगर ७० च्या खाली असंल तर टोचायचंच नाही, आधी ती वर आणायची.

आणि ती पहिल्या घासाची गोळी कुठली? नावात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असंल तर शुगर उतरल्यावर साखर, गूळ, पेढा देऊन लवकर फरक पडत नाही, त्या गोळ्या साखर फोडूच देत नाहीत. ग्लुकोजची पावडर घरात ठेवा, तीन चमचे पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

निसर्ग_हाच_डॉक्टर

इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही, शरीर आळशी होतं. कारल्याचा रस, गुळवेल, मेथीदाणे, सकाळी अनशापोटी ४० दिवस. माझ्या मावशीची सगळी औषधं बंद झाली. आणि साखरेऐवजी गूळ खा, गुळाला काही होत नाही.

केजचे_मास्तर

मावशीला शुभेच्छा. गूळ पण उसाचाच आणि साखर पण उसाचीच, आपण माजलगाव-अंबाजोगाई पट्ट्यातली माणसं, आपल्याला गुऱ्हाळ कुणी शिकवायचं? कारलं भाजी म्हणून खाऊ द्या की, कोण नको म्हणतंय, पण इन्सुलिनवरच्या माणसाची सुई बंद करून रस पाजला तर चारदोन दिवसांत उलट्या, धाप आणि आयसीयूची पाळी येऊ शकती. ताई याकडं बघू पण नका.

परभणीची_लेक

मला टाईप वन शुगर आहे, म्हणजे अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, शाळेत असल्यापासून सुया टोचते, त्यामुळं भाकरीबद्दल माझ्याकडून ऐका. तुमचे दादा "निव्वळ भाकरी" खातात ना, तीच तर शुगर आहे! ज्वारी वाईट नाही, मी रोज खाते, पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास कार्ब, म्हणजे पचल्यावर ज्याची शुगर होती तो भाग, असतात, गव्हातही जवळपास तेवढेच. फरक आकाराचा. दोन फुलके म्हणजे साधारण साठ ग्रॅम पीठ, आणि आपल्या गावाकडची तवा भरून भाकरी एकटीच ऐंशी ग्रॅमची. डॉक्टर विचारतात किती खाता, आपण सांगतो "दोनच". त्या दोनमध्ये शंभराच्या वर कार्ब गेलेले असतात, वर वरण, वर कांदा, आणि शेवटी ताकात कुस्करलेली अर्धी ती कुणी मोजतच नाही.

स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा घ्या. उंडा नका तोलू, त्यात पाणी असतं, कोरडं पीठ तोला. आठवडाभर रोज तेवढ्याच पिठाची भाकरी द्या, मग शुगर किती चढती ते खरं कळतं, नाहीतर आज दोन उद्या तीन, डॉक्टर तरी डोस कशाच्या जोरावर ठरवणार. आणि भाकरी कमी केली तर ताट रिकामं वाटायला नको, आधी अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, मटकीची उसळ, काकडी, हे पोटात जाऊ द्या आणि भाकरी नंतर सुरू करा. याच क्रमानं खाल्लं तर तेवढ्याच भाकरीला शुगर कमी चढती, मी स्वतःवर कितीदा बघितलंय. शेंगदाण्याची चटणी चालती पण पळीभर तेल ओतून नाही. जेवल्यावर लगेच बाजेवर आडवं व्हायचं नाही, अंगणात दहापंधरा मिनिटं चालायचं, दुपारी ऊन असंल तर घरातल्या घरात.

मटणाच्या दिवशी मात्र फसाल हं. तर्री असली की पोट हळू रिकामं होतं, दोन तासांनी शुगर सोज्वळ दिसती आणि चार तासांनी वर. त्या दिवशी झोपायच्या आधी एकदा बघा.

आणि बोट टोचायच्या आधी हात साबणानं धुवा. आंबा, गूळ, बोराचा गर काहीही बोटाला असला की मशीन खोटा आकडा दाखवती, माझ्या भावाला आंबा कापून झाल्यावर ३९० आली होती आणि त्याला शुगरच नाही.

मेडिकलवाला_जालना

बाटलीचं राहिलं होतं. न फोडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही आणि त्याला चिकटून पण नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. चालू बाटली घरात २५-३० डिग्रीच्या आत असंल तर बाहेर महिनाभर चालती, पण आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली ४२-४३ होतं. लाईटचा भरवसा नसंल तर बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात, तो डबा पिशवीत, आणि पिशवी ओल्या रेतीवर ठेवलेल्या मातीच्या माठात. माठात पाणी भरायचं नाही, बाहेरून ओला ठेवायचा. फोडल्याची तारीख पेनानं लेबलवर लिहा, चार आठवड्यांनी उरलं तरी टाका. गुठळ्या दिसल्या, काचेला पांढरं चिकटून राहिलं, की ती बाटली गेली.

माजलगावची_सून

डॉक्टरकडं जाऊन आले, सांगते. तुम्ही सांगितल्यासारखं सगळं वहीत लिहून नेलं होतं, उपाशी किती, कधी टोचलं, किती पीठ, दोन तासांनी किती. डॉक्टर म्हणाले असं कुणी आणतच नाही. गोळा बघितला, तिथं टोचणं बंद करायला सांगितलं आणि सकाळचे २२ चे १८ केले, मला आधी कळंना की शुगर जास्त आणि डोस कमी कसा, सिस्टरनी आधीच सांगितलं होतं म्हणून गप बसले. गोळी व्होग्लिबोजच निघाली. ग्लुकोजचा डबा आणलाय. अर्धा तास आधी टोचायला लागल्यापासून आणि भाकरी सत्तर ग्रॅम पिठाची केल्यापासून दोन तासांची १९० ते २१० यायली. रात्रीची अजून जास्तच आहे, तीनचार वाजता दादा शेतात एक भाकरी खातात त्याला कुठलं इन्सुलिनच नाही, त्यावर डॉक्टर म्हणाले दोन आठवड्यांची वही बघून दोनच्या जागी तीन सुया करायच्या का ते ठरवू. दादा तिसऱ्या सुईला तयार नाहीत.

केजचे_मास्तर

तिसरी सुई म्हटलं की मी पण महिनाभर रुसलो होतो. पेन आणि ४ मिलीमीटरची सुई एकदा त्यांना हातात धरून बघू द्या, सिरिंजपेक्षा लई बारीक असती. आणि शेतात जाताना खिशात ग्लुकोज देत जा, काम जास्त झालं की शुगर आपोआप उतरती.

हिंगोली_एक्सप्रेस

मधीच विचारतो, माझ्या आईचं पण सेम आहे, पण ती एकादशी सोडत नाही. इन्सुलिन घेऊन उपवास केला तर?

सिस्टर_लातूर

साबुदाणा खिचडी म्हणजे भाकरीपेक्षा पण वेगानं शुगर चढवती, वर बटाटा. भगर त्यापेक्षा बरी पण ती पण धान्यच, ताटभर नको, दह्यासोबत, शेंगदाण्याची आमटी, काकडी. उपाशी राहून नेहमीचा डोस टोचायचा नाही आणि मनानं सुई चुकवायची पण नाही, एकादशीच्या आधीच डॉक्टरला डोस विचारून ठेवायचा. आईला किडनीचा त्रास आहे का, आणि कुठलं इन्सुलिन आहे ते लिहा, मग पुढचं सांगते.