आत्याची सेव्हिल सहल : अल्काझारला वेळ किती द्यावा?

आत्या: मंडळी, स्पेनचं पक्कं झालं. सेव्हिलमध्ये टूरवाल्याने अल्काझार राजवाड्याला एक तास दिलाय. पुरेल ना गं ताई?

ताई: आत्या, मुळीच नाही! निदान तीन तास मागून घे. आम्ही घाईत उरकलं, त्याची रुखरुख अजून आहे.

काका: अरबांचा महाल ना तो?

ताई: जागा मूळची मुस्लिम राज्यकर्त्यांचीच, काका. पण मुख्य महाल बांधून घेतला कॅस्टिलच्या पेद्रो या ख्रिस्ती राजाने, १३६४ च्या सुमारास. ग्रॅनडाचा सुलतान त्याचा मित्र, कारागीर तिथलेही आले. दर्शनी भिंतीवर उंच बघा. निळ्या-पांढऱ्या फरशीत अरबी अक्षरं आहेत, 'अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही', आणि त्यांच्याच भोवती पेद्रोच्या नावाचा स्पॅनिश लेख. एकाच चौकटीत दोन्ही! मला तिथून हलावंसं वाटेना.

दादा: आणि महालातला दोन्सेयास म्हणजे कुमारिकांचा चौक चुकवू नकोस आत्या. मधे लांबट हौद, दोन्ही बाजूंना बाग, पण वाफे चालायच्या वाटेपेक्षा बरेच खाली. कठड्याशी उभं राहून झाडांकडे वरून बघायचं. ही बाग सोळाव्या शतकात संगमरवरी फरशीखाली गाडली गेली होती. २००२ नंतर उत्खनन झालं तेव्हा ती पुन्हा सापडली. चारशे वर्षं लोक तिच्यावरून चालत होते.

आत्या: बाई गं! अंगावर काटा आला.

ताई: काका, तुमच्यासाठी एक काम. मुन्येकास म्हणजे बाहुल्यांचा चौक. तिथे एका कमानीच्या बुंध्याशी नखाएवढे चेहरे कोरलेत, त्यावरूनच नाव पडलं. आम्ही शोधलेच नाहीत, वेळ संपला.

काका: जवळचा चष्मा घेतो. वरचा मजला बघता येतो का?

दादा: त्याचं तिकीट वेगळं. स्पेनचा राजा सेव्हिलला आला की अजून तिथेच उतरतो, त्यामुळे तो कधी कधी बंदही असतो. तिकिटं आधी ऑनलाइन काढा, पासपोर्ट जवळ ठेवा. आणि सकाळीच जा, दुपारी ऊन फार चढतं. बागा शेवटी ठेवू नका, पाय दमलेले असतात.

आत्या: आत्ताच टूरवाल्याशी बोलले. बाकीचे नदीवर जातील, आम्ही दोघं उघडल्या उघडल्या आत. ताई, ती चेहऱ्यांची कमान नेमकी कुठल्या बाजूला, तेवढं शोधून ठेव गं.